शेजारचे म्हातारे मित्र : सोलापूरकरांचे अनुभव

लहानपणी शेजारच्या एखाद्या वृद्धाशी, घरच्यांनाही नवल वाटावे अशी, आपली मैत्री जुळली असेल, तर ती येथे अवश्य लिहावी. सुरुवात मीच करतो.

पूर्व भागात आमच्या समोरच्या खोलीत विणकरांच्या पद्मशाली समाजातले एक आजोबा राहत; त्यांना सगळे ‘ताता’ म्हणत. पुठ्ठ्यांवरच्या भोकांप्रमाणे नक्षी विणणाऱ्या, चादरींच्या जेकार्ड मागावर आयुष्य गेल्यामुळे त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. मात्र मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ पाहूनच बोलत असल्याने ओठ वाचण्याची त्यांची सवय पक्की होती. मी तेव्हा 9 वर्षांचा होतो आणि दुपारी आई झोपली की मला तोंडातून आवाज काढण्याची बंदी असे. त्यामुळे गॅलरीतून निःशब्द गप्पा मारायला मला अगदी हवे तसे माणूस मिळाले. माझ्या गणिताच्या चौकटीच्या वहीत ते मोर काढत आणि समजावत, की भरलेली चौकट म्हणजे पुठ्ठ्याला भोक आणि भोक म्हणजे वर उचलला जाणारा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा. एकदा मी चुकून एक चौकट जास्त भरली, तेव्हा त्यांनी नुसते ओठ हलवून सांगितले, “मोराला चामखीळ आली.”

*

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे 74व्या वर्षी मित्र झालेला. शेजारची 7 वर्षांची मुलगी आमच्या नातवंडांचे ऐकून मला ‘अज्जा’ म्हणते. सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्यापाशी जी गर्दी होते, तीत शिरणे गुडघ्यांमुळे मला आता जमत नाही. यंदा ती निघताना माझ्याकडून मूठभर तांदूळ घेऊन गेली आणि परतल्यावर तिने चोख हिशेब दिला : निम्मे नंदीध्वजांकडे (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांकडे) टाकले, निम्मे पुढच्या काकांच्या टोपीत पडले. दोन्ही पोहोचले, असे मी धरून चालतो.

*

आमच्या चाळीत विड्या वळणाऱ्या एक आजी होत्या. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून त्याच्या कडेने कात्री फिरवायला त्यांनी मला शिकवले. पण माझ्या हातांना येणाऱ्या तंबाखूच्या वासावरून आईने ते ओळखले आणि बंद पाडले. (आईचे बरोबरच होते.) त्यानंतर मी उंबऱ्याबाहेर बसून 25-25 विड्यांचे कट्टे तेवढे मोजत असे. हजार विड्यांचे 40 कट्टे व्हायला हवेत. एका संध्याकाळी माझे 39च भरले आणि मी रडवेली झाले, तेव्हा आजींनी पदराखालून चाळिसावा काढला. मी खरेच मोजते की नुसतीच मान डोलावते, हे त्या अधूनमधून तपासत.