दोघांची सुट्टी : युरोपात गाड्या बदलत फिरावे की सरळ मोटार घ्यावी?

रुळांचीवही (धागालेखिका)

लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर आम्ही दोघांनी पहिल्यांदाच सलग सोळा दिवसांची सुट्टी घेतली आणि ती पॅरिसपासून इटलीतील तिरानोपर्यंत सगळी रेल्वेने फिरण्यात घालवली. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ पासून मिळणारा, अनेक देशांतील रेल्वेगाड्यांत चालणारा युरेलचा पास आमच्याजवळ होता. या सोळा दिवसांत आम्ही जितके भांडलो तितके घरी वर्षभरात भांडत नाही. पण जितके बोललो तितके बोलतही नाही.

माझे मत असे झाले आहे की दोघांच्या सुट्टीला रेल्वेच बरी. मोटारीत एकाचे डोळे रस्त्यावर आणि दुसऱ्याचे नकाशावर असतात, त्यामुळे ज्या डोंगरासाठी एवढे लांब यायचे तो नीट पाहणे दोघांपैकी कोणालाच जमत नाही. स्वित्झर्लंडमधील सांक्ट मोरित्झहून निघालेली बेर्निना मार्गाची गाडी २२५३ मीटर उंचीच्या ओस्पित्सिओ बेर्निना स्थानकापर्यंत चढते आणि तेथून ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते. दातेरी रुळाची मदत न घेता हजार मीटरमागे सत्तर मीटरपर्यंतचा चढ चढणारी ही गाडी ब्रुसिओला नऊ कमानींच्या पुलावरून जाते आणि वळसा घेऊन त्याच पुलाच्या कमानीखालून बाहेर पडते. आपलाच मागचा डबा वर पुलावर दिसला तेव्हा यांनी माझा हात धरला होता, आणि त्या दिवशी सकाळपासून आमचा अबोला होता, हे मुद्दाम सांगते.

अबोल्याचे कारण आदल्या दिवशीचे. एका जंक्शनवर आम्हाला गाडी बदलायला नऊ मिनिटे होती आणि आमची पहिली गाडी सहा मिनिटे उशिरा पोहोचली. दोन बॅगा ओढत, जिना चढून-उतरून आम्ही समोरच्या फलाटावरच्या गाडीत शिरलो, धापा टाकत बसलो, आणि पाऊण तासाने तिकीट तपासनिसाने शांतपणे सांगितले की ही गाडी मागच्या स्थानकात दोन वेगळ्या मार्गांसाठी दोन भागांत सुटी झाली असून आपण चुकीच्या अर्ध्या भागात आहात. पुढचे दीड तास एका लहानशा स्थानकाच्या बाकावर आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो. तरीही मी रेल्वेच्याच बाजूने आहे. आपणा सर्वांना काय वाटते?

सारथी

आपल्याच लेखात आपल्या मताविरुद्धचा पुरावा आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. सोळा दिवसांची सुट्टी मिळायला अकरा वर्षे लागली आणि त्यातले दीड तास एका बाकावर पाठ करून गेले. मोटार असती तर चुकलेले वळण पुढच्या चौकात दुरुस्त झाले असते. रेल्वेने फिरताना दिवसाचा मालक वेळापत्रक असते, आणि ते वेळापत्रक घरातून ज्याने आखले त्याच्या माथी प्रत्येक उशीर मारला जातो. आम्ही नवराबायको गेल्या तीन सुट्ट्या मोटारीने फिरलो. एखादे गाव आवडले की थांबतो, नाही आवडले की निघतो, आणि बॅगा डिकीतून थेट खोलीत जातात. डोंगर पाहायचा असेल तर रस्त्याकडेला गाडी उभी करून खाली उतरता येते; आपल्या त्या काचबंद डब्यातून ते शक्य आहे का?

फलाटक्रमांकचार

मोटारवाल्यांना एक आठवण करून देतो. इटलीतील अनेक शहरांच्या जुन्या भागात वाहनांना मर्यादित प्रवेश असतो, कॅमेरा नंबरपाटी टिपतो, आणि दंडाची चिठ्ठी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते. त्या चिठ्ठीवरून होणारे भांडण सुट्टीत मोजायचे की नाही, एवढेच ठरवा.

आता मूळ मुद्दा. धागालेखिकेचे भांडण रेल्वेमुळे झाले नसून नऊ मिनिटांमुळे झाले आहे. वेळापत्रक शोधणारी यंत्रणा सर्वांत जलद जोडणी, म्हणजे लगेच पकडायची पुढची गाडी, पुढे करते. दोन बॅगा आणि दोन माणसे यांचा वेग तिला ठाऊक नसतो. अनोळखी जंक्शनवर मी अर्ध्या तासाखालची जोडणी घेत नाही. पासाने फिरणाऱ्याला तर हे सहज जमते, कारण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचे नाही आणि पुढची गाडी पकडली तरी चालते. फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीचे मात्र तसे नाही: तेथे पास असूनही आसन राखून ठेवावे लागते आणि सुटण्याच्या दोन मिनिटे आधी दारे बंद होतात.

पास न घेता सुट्या तिकिटांवर जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपीय संघाचे प्रवासी हक्कांचे सुधारित नियम जून २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार, काही अपवाद सोडता, साठ मिनिटे किंवा जास्त उशीर झाल्यास भाड्याच्या पाव आणि दोन तास किंवा जास्त झाल्यास निम्मी रक्कम मागता येते. मात्र संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तरच शेवटच्या स्थानकावरचा उशीर मोजला जातो. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली आणि मधली जोडणी हुकली, तर तो धोका सहसा आपलाच असतो. पासासाठी भरपाईची पद्धत वेगळी आहे.

संथगती

मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. सोळा दिवसांत पॅरिस ते तिरानो हा आराखडाच दमवणारा आहे. मग वाहन कोणतेही असो. आम्ही एकाच गावी आठ दिवस राहतो आणि सकाळी गाडीने जाऊन संध्याकाळी परत येतो, म्हणजे बॅगा खोलीतच राहतात आणि चुकीच्या गाडीत बसलो तरी बरोबर फक्त छत्री असते.

सारथी यांच्या काचेच्या मुद्द्याबद्दल सांगायचे तर बेर्निनाच्याच मार्गावर साध्या स्थानिक गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या अनेक डब्यांच्या खिडक्या उघडतात. मोठ्या काचांच्या पर्यटक गाडीला आरक्षण आणि जादा शुल्क दोन्ही लागते, आणि छायाचित्रांत समोरच्याच्या टोपीचे प्रतिबिंब येते ते वेगळे.

सारथी

आठ दिवस एका गावी राहणे मला मान्य आहे. पण अर्ध्या तासाची जोडणी म्हणजे दर बदलाला फलाटावर अर्धा तास, आणि दिवसात तीन बदल असतील तर दीड तास. हा वेळ सुट्टीतूनच जातो. धागालेखिकेचा दीड तासही याच हिशेबात बसतो. शिवाय माझ्या एका मुद्द्याला कोणीच उत्तर दिलेले नाही: ज्याने वेळापत्रक आखले, उशिराचा दोष त्याच्याकडेच का जातो? मोटार चालवताना आम्ही दर दोन तासांनी जागा बदलतो, म्हणजे चूकही वाटून घेतो.

वहीचे‘हे’

लेखातले ‘हे’ ते मीच. येथे लिहिणार नव्हतो, पण सारथी यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ आहे. त्या जंक्शनवर फलाटाच्या फलकावर कोणता डबा कोणत्या गावी जाणार हे लिहिलेले होते आणि मी ते वाचले होते. ही पुढे धावत होती, दोघांचे पास हिच्याच फोनमध्ये होते, सगळी आखणी हिची होती. तेव्हा हिला ठाऊक असेलच असे मी धरून चाललो आणि बोललो नाही. नंतर बाकावर सांगण्याची हिंमत झाली नाही. त्यामुळे हिच्यावर रागावण्याचा मला काहीही अधिकार नव्हता, तरी मी रागावून बसलो होतो.

रुळांचीवही (धागालेखिका)

हे मला आज, या धाग्यावर, चार महिन्यांनी कळते आहे. वाचून उठले आणि शेजारच्या खोलीत जाऊन आले.

सारथी, आपला दोषाचा मुद्दा मी मान्य करते, पण त्याचे उत्तर मोटार आहे हे अजूनही पटत नाही. पुढच्या वेळी एकेक पास एकेकाच्या फोनमध्ये राहील, आणि एक दिवस आखणी माझी, एक दिवस यांची. संथगती यांचे आठ दिवसांचे गाव कोणते ते मात्र त्यांनी सांगावे, कारण पहिला दिवस यांच्या वाट्याला आला आहे आणि यांनी आत्ताच सात मिनिटांची जोडणी शोधून ठेवली आहे.