मदत हवी आहे: 21वी हिंदी पायदळ ब्रिगेड आणि मराठ्यांची पहिली पलटण

दुसऱ्या महायुद्धात 21वी हिंदी पायदळ ब्रिगेड 1941 साली इराक, सीरिया आणि इराणमध्ये लढली व पुढे 8व्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली. माझे आजोबा याच ब्रिगेडमधील 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतील सेनियो नदीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ही पलटण.

आजोबांच्या पदकांत इटली स्टार आहे, आफ्रिका स्टार नाही; पण सीरियातील सेवेसाठी हिंदी सैनिकांना आफ्रिका स्टार मिळत नसे, म्हणून ते सीरियाच्या मोहिमेत होते की नाही हे त्यावरून ठरत नाही. मात्र सीरियातील देर एझ-झोर शहर घेताना ब्रिगेडमध्ये गुरखा आणि फ्रंटियर फोर्सच्या पलटणी होत्या, म्हणून त्या मोहिमेत ते नव्हते, असा माझा तर्क आहे. सेवापुस्तिकेत केवळ भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख आहे; अभिलेख कार्यालयाकडूनही तेवढेच उत्तर आले. लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यपूर्वेतील युद्ध-दैनंदिन्या (पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या) डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) 169 आणि इटलीतील डब्ल्यूओ 170 या मालिकांत आहेत, परंतु मला तेथे जाणे शक्य नाही आणि या दैनंदिन्यांत साध्या शिपायांची नावे क्वचितच येतात, त्यामुळे मला पलटणीच्या हालचाली समजल्या तरी पुरे.

ही पलटण या ब्रिगेडमध्ये नेमकी कोणत्या महिन्यात आणि कोठे दाखल झाली, आणि तिच्या युद्ध-दैनंदिनीची प्रत भारतात कोठे पाहता येईल?