युगांडातल्या साखर कारखान्यात नोकरी चालून आलीय, बायको-पोरीला घेऊन जाण्याआधी काय काय बघावं?

कागलचा_केमिस्ट

नमस्कार मंडळी. मी कागल तालुक्यातला. गेली १२ वर्षं साखर कारखान्यात आहे, सध्या मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून बॉयलिंग हाऊसच्या, म्हणजे रस उकळून साखर करायच्या विभागाच्या, शिफ्टा करतो. मागच्या महिन्यात युगांडातल्या जिंजाजवळच्या एका कारखान्याकडून बोलावणं आलं. दोन वर्षांचा करार, पगार आत्ताच्या तिप्पट, कंपाउंडमध्ये घर, वर्षातून एकदा तिघांचं विमानाचं तिकीट. तीन आठवड्यांत हो-नाही कळवायचं आहे.

घरात आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मी एकटा असतो तर एवढा विचार केला नसता. पण पोरीला घेऊन जायचं म्हटल्यावर रात्री झोप लागत नाही. मोबाइलवर शोधत बसलो की एकीकडे इबोला, दुसरीकडे शाळेवर झालेला हल्ला, तिसरीकडे इंटरनेट बंद. आणि दुसऱ्या पानावर नाईल नदीचे सुंदर फोटो. वडील असताना युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीनचं नाव घरात ऐकलं होतं, आईच्या डोक्यात तेवढंच पक्कं बसलंय. ‘आपल्या लोकांना हाकलून लावलं होतं ना तिथनं?’ असं ती रोज विचारते.

कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणतो, सगळं सेफ आहे, काळजी करू नका. त्यानं काळजी कमी झाली नाही. आपल्या भागातले बरेच केमिस्ट, इंजिनिअर, पॅनमन (साखरेचा पाक उकळणारे कामगार) आफ्रिकेत आहेत हे माहीत आहे. कुणी कुटुंब घेऊन राहिलं असेल तर खरं सांगा. नक्की कुणाला आणि काय विचारलं म्हणजे तिथली परिस्थिती कळेल?

जिंजा_ते_जयसिंगपूर

भावा, मी जयसिंगपूरचा. २०१५ ते २०२३ जिंजा भागात मिल हाऊसला, म्हणजे ऊस गाळायच्या विभागात, होतो. पहिली दोन वर्षं एकटा, नंतर कुटुंबासह.

पहिलं काम, नकाशा उघड. तू वाचलेल्या बातम्या खऱ्या आहेत, पण त्या कुठल्या गावच्या आहेत ते बघ. २०२२ च्या सप्टेंबरात इबोला सुरू झाला तो मुबेंडेत, म्हणजे राजधानी कंपालाच्या पश्चिमेला. जिंजा कंपालाच्या पूर्वेला ८० किलोमीटरवर. जून २०२३ चा शाळेवरचा हल्ला म्पोंड्वेचा, पार काँगोच्या सरहद्दीला चिकटून. म्हणून निवांत राहा असं मी म्हणत नाही. इबोला नंतर कंपालापर्यंत आलाच, आणि जानेवारी २०२३ मध्ये साथ संपल्याचं जाहीर होईपर्यंत आमच्या गेटवर रोज हात धुऊन, ताप मोजूनच आत सोडायचे.

२०१९ चा महापूर आठव. मी तिकडं टीव्हीवर शिरोलीजवळ बुडालेला हायवे बघून राजारामपुरीतल्या बहिणीला फोनवर फोन करत होतो. ती म्हणाली, घरात पाण्याचा थेंब नाही, पण दूध नाही आणि पेट्रोल पंपावर रांग आहे. बाहेरच्या माणसाला दोन्ही गोष्टी कळत नाहीत. त्याला अख्खं कोल्हापूर बुडालेलं दिसतं, आणि कोरड्या घरातली अडचण दिसत नाही. तुला तिथल्या कोरड्या घरातली अडचण विचारायची आहे. डिझेल थांबलं तर वसाहतीची वीज किती दिवस चालते? रस्ता बंद झाला तर दवाखान्यात कुठनं जायचं?

आता मुख्य गोष्ट. ही तुला कुठल्या सरकारी सूचनेत सापडणार नाही. कारखान्याचं आणि भोवतालच्या ऊसवाल्यांचं कसं चाललंय ते काढ. तिथं कारखान्याची स्वतःची जमीन असते आणि बाहेरचे शेतकरीही ऊस घालतात, त्यांना आउटग्रोअर म्हणतात. बिल वेळेवर मिळतं का, टनाला दर किती, दोन कारखाने एकाच उसावर तुटून पडलेत की ऊस जास्त होऊन गाड्या गेटबाहेर वाळत उभ्या आहेत? तू शिरोळ-कागल पट्ट्यातला आहेस, ऊसदराचं आंदोलन पेटलं की गव्हाणीवर काय होतं हे तुला सांगायला नको. तिथं भर एवढीच, की चिडलेल्या माणसाला कारखाना म्हणजे गेटवर दिसणारा भारतीय चेहरा वाटतो. बायिंडी म्हणतात आपल्याला. एका हंगामात आमच्या शेजारच्या गटात तीन रात्री ऊस पेटला. त्याआधी दोन महिने बिलं थकली होती, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. कंपाउंडच्या भिंतीची उंची विचारण्यापेक्षा थकबाकी विचार.

आईंना १९७२ चं खरं तेच सांग. ऑगस्टमध्ये अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. १९८६ नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात बरेच जण परत आले, जप्त झालेल्या मालमत्ताही अनेकांना परत मिळाल्या. आज साखर, व्यापार, बँका सगळीकडे भारतीय आहेत. पण २००७ चंही सांग. मबिरा जंगलाचा तुकडा उसासाठी द्यायचा विचार निघाला, एप्रिलमध्ये कंपालात मोर्चा निघाला, त्याला हिंसक वळण लागलं आणि एका भारतीयाचा जीव गेला. मुळाशी ऊस आणि जमीनच होती. तेच मबिरा जंगल तुला कंपाला-जिंजा रस्त्यावर लागेल. तिथनं जाताना मला दर वेळी त्याची आठवण व्हायची.

आठ वर्षांत मला खरी भीती वाटली ती रस्त्याची. विमान एंटेबीला रात्री उतरत असेल तर त्या रात्री कंपालात मुक्काम कर आणि सकाळी निघ, हे कंपनीकडून आधीच लिहून घे. अंधारात बिनदिव्याचे उसाचे ट्रेलर तिथंही असतात, आपल्याकडच्या ट्रॉल्यांसारखेच, फक्त रस्ता जास्त वेगाचा. बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. तिच्यावर पोरीला घेऊन बसायचं नाही, एक किलोमीटर असला तरी नाही.

निवडणुकीचे दिवस सांभाळायचे. जानेवारी २०२१ मध्ये मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून काही दिवस इंटरनेट बंद होतं. व्हॉट्सॲप नाही, मोबाइल मनी म्हणजे फोनवरून पैसे द्यायची सोय नाही. आम्ही आधीच रोख पैसे काढले होते, पंधरा दिवसांचं धान्य भरलं होतं आणि घरी सांगून ठेवलं होतं की फोन आला नाही तर घाबरू नका.

अजून एक. आपल्यासारखा चार-पाच महिन्यांचा गळीत हंगाम तिथं नसतो. ऊस जवळपास वर्षभर येतो, कारखाना वर्षभर चालतो. ऑफ-सीझनला गावी येऊ हा हिशेब चालत नाही. रजा करारात तारखांसह लिहून घे.

रंकाळ्याची_लेक

भाऊ, मी चार वर्षं त्याच भागातल्या एका वसाहतीत राहिले. माझे मिस्टर इलेक्ट्रिकलला होते, मुलगा गेला तेव्हा पाच वर्षांचा. वर दादांनी बाहेरचं सांगितलं, मी घरातलं सांगते. वहिनींना हे वाचून दाखवा.

मलेरिया ही तिथली रोजची गोष्ट आहे, बाराही महिने. तो डास रात्री चावतो, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला मुलं घरात, अंगभर कपडे, झोपताना मच्छरदाणी. ताप आला की त्याच दिवशी बोट टोचून तपासणी. ‘उद्या बघू’ तिथं चालत नाही. वसाहतीच्या दवाखान्यात लॅब आहे का, रात्री टेक्निशियन असतो का आणि लहान मुलाला सलाईन लावू शकणारी नर्स आहे का, हे तीन प्रश्न नोकरी घेण्याआधी विचारा. जायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांचंही विचारा, वजनाप्रमाणे डोस बदलतो.

आमच्यावर जो प्रसंग आला तो तिथं नाही, इथं आला. सुट्टीला कोल्हापूरला आलो आणि दहाव्या दिवशी मुलाला ताप भरला. पावसाळा होता, डॉक्टरांनी डेंगी धरला. मी दोनदा म्हणाले की आम्ही युगांडातून आलोय, पण ते कागदावर गेलंच नाही. तिसऱ्या दिवशी पोरगं ओळख देईना, तेव्हा दुसरीकडे नेलं आणि रक्ताच्या काचपट्टीवर फॅल्सिपॅरम, म्हणजे जीवघेण्या प्रकारचा मलेरिया, निघाला. चार दिवस आयसीयूत होता. आज चांगला आहे, पण ते तीन दिवस माझ्या अंगातून जात नाहीत. तुम्ही परत आल्यावर कुणालाही ताप आला तर दारातच सांगा, ‘आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची तपासणी करा’, आणि केसपेपरवर लिहिलं जाईपर्यंत हलू नका.

यलो फीव्हरची लस तिघांनाही लागेल. ती केंद्र सरकारनं मान्य केलेल्या केंद्रातच मिळते, आम्ही मुंबईला जाऊन घेतली. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पिवळ्या कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथंच उभं राहून तपासा. भारतात परततानाही ते कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

पाणी उकळूनच. आणि तळ्यात पाय नाहीत. व्हिक्टोरिया सरोवर समोर दिसतं, काठ शांत असतो, पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला राहवत नाही. पण काठच्या पाण्यात गोगलगायींमधून बिलहार्झिया या रोगाचे जंतू येतात, ते थेट कातडीतून आत शिरतात.

शाळा इंग्रजीच. तिथल्या शाळांचं वर्ष साधारण फेब्रुवारीला सुरू होतं, काही इंटरनॅशनल शाळांचं सप्टेंबरला. आपला जून कुठेच बसत नाही. मुलीचे सहा महिने अधांतरी जाऊ नयेत हे आधीच बघा.

वहिनींसाठी एक. दुपारी दोन ते पाच हा वेळ फार मोठा असतो. नवरा शिफ्टला, मूल शाळेत, गेटबाहेर एकटीनं जायची सवय नाही. पहिले सहा महिने मी रडूनच काढले. मग शेजारच्या बाईकडून तिथल्या लुगांडा भाषेचे चार शब्द शिकले. ‘ओली ओत्या’ म्हणजे कशी आहेस, ‘वेबाले’ म्हणजे आभारी आहे. बाजारात केळीवालीशी एवढं बोलले तरी ती हसून जवळ बसवून घ्यायची. तिथली माणसं मला प्रेमळ भेटली, हे मुद्दाम लिहितेय, कारण बातम्यांत ते येत नाही.

शाहूपुरी_०७

थोडक्यात कागदांचं. युगांडा आपल्या एमिग्रेशन क्लिअरन्सच्या (नोकरीसाठी परदेशी जायच्या सरकारी परवानगीच्या) १८ देशांच्या यादीत नाही. म्हणजे तुमचा करार सरकारकडून कुणी तपासणार नाही, तो तुम्हीच तपासायचा. मध्ये एजंट असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत आहे का बघा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

व्हिजिटर व्हिसावर या, वर्क परमिट नंतर करू, असं म्हणाले तर जाऊ नका. माझा मेहुणा दुसऱ्या एका देशात असाच गेला, आठ महिने पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. पगार डॉलरमध्ये की शिलिंगमध्ये, तो आकड्यासह करारात हवा. गंभीर आजारात दुसऱ्या शहरात किंवा भारतात हलवायचा खर्च कुणाचा, तेही हवं. पोहोचल्यावर कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयात तिघांची नावं नोंदवा.

कागलचा_केमिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय, कारण तुम्ही सांगितलं ते एकेक विचारत बसलो होतो.

जयसिंगपूरच्या दादांच्या ओळखीनं तिथल्या एका पॅनमनचा नंबर मिळाला, माणूस सांगलीकडचा. पहिल्या फोनला तोही ‘सगळं चांगलं आहे’ म्हणाला. मग मी सुरक्षेचं नाव काढलं नाही, उसाचं विचारलं. गाड्या किती वेळ थांबतात, बिलं कधी निघतात. त्यावर तो पाऊण तास बोलला. मागच्या वर्षी बिलं दोनदा लांबली, गेटवर माणसं जमली होती, मालकानं स्वतः येऊन तारखा दिल्या आणि त्या पाळल्या. आत्ता रांग चार-पाच तासांची आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं गेटबाहेरच्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवला. तो बायकोनं माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितला. तिला गाड्या दिसल्या नाहीत, रस्त्याच्या कडेनं युनिफॉर्ममध्ये चालत जाणाऱ्या मुली दिसल्या.

वसाहतीच्या दवाखान्यात लॅब आहे, पण रात्री टेक्निशियन नसतो, फोन करून बोलवावा लागतो. जिंजाचं हॉस्पिटल दिवसा २५ मिनिटांवर. हे मी कंपनीला लेखी कळवलं आणि रात्रीसाठी ड्रायव्हरसह गाडी मागितली. ड्रायव्हर वसाहतीतच राहतो असं त्यांनी उत्तर दिलं, ते करारात घालायला सांगितलंय. पहिल्या रात्रीचा कंपालातला मुक्कामही मान्य केला.

आम्ही ठरवलंय की आधी मी एकटा जायचं. मुलगी पहिलीचं वर्ष इथं पुरं करेल, तोवर मी तिथं सहा महिने राहिलेलो असेन. आईला १९७२ आणि २००७ दोन्ही सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘बिलं थकली की मला कळव.’

ताई, एक राहिलं. मच्छरदाणी इथनं न्यावी की तिथं मिळते?

रंकाळ्याची_लेक

तिथलीच घ्या, औषध लावलेली मिळते. चौकोनी घ्या, गोल नको. गोल मच्छरदाणीत झोपेत मुलांचा हात कापडाला टेकतो आणि डास बाहेरून चावतो. खाली गादीत खोचता येईल एवढी लांब बघा. वरच्या हुकांसाठी इथून सुतळी आणि खिळे न्या, नव्या घरात पहिल्या रात्री तेच सापडत नाहीत.