अनुभव धागा : ऑइल पिणारी स्पोर्ट्स कार

मंडळी, गाडी सहा सिलिंडरची, काटा लाल पट्ट्याला टेकेपर्यंत पळवावीशी वाटणारी, आणि चार महिने झाले दर १२०० किमीला ऑइलचा दिवा लागतोय, म्हणजे लिटरभर गेलेलं असतं. खाली थेंब नाही, धूर मला तरी दिसत नाही. वर्कशॉपवाला म्हणतो अशा गाड्यांना एवढं चालतंच, आणि मॅन्युअल काढलं तर त्यातही जवळपास तेवढंच लिहिलंय. गप्प बसू का इंजिन खोलू? ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा. "ऑइल बदलून बघ" सांगणार असाल तर ते दोनदा झालंय.

---

"चालतंच" मी दोन वर्षं ऐकलं. मॅन्युअलमधला आकडा सोडा, तुमची गाडी आधी किती पीत होती ते बघा. माझी ५००० ला अर्धा लिटर प्यायची, ती १५०० ला लिटरवर आली. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो ते मोजतात ती) एकदम झकास, म्हणून मी निवांत. नंतर कळलं की कॉम्प्रेशन पिस्टनच्या वरच्या दोन रिंगा धरतात, खालची ऑइल खरवडणारी रिंग चिकटलेली असली तरी टेस्ट पास होते. पिस्टन हातात आला तेव्हा ती रिंग नखाने हलेना, मागची ऑइल परत जायची भोकं डांबरासारख्या कार्बनने बुजलेली. रिंगा बदलल्या, आता ठीक.

---

धूर आपल्याला आरशात दिसत नाही हो, मागे दुसरी गाडी ठेवा. उतारावर गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडून या आणि खाली आल्यावर दाबा, तेव्हा निळा ढग निघाला तर व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाईडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) संशय. रात्रभर उभी करून सकाळी पहिल्या स्टार्टला निघाला तरी बहुतेक सीलच. दाबलेलं असताना सतत निघतोय तर रिंगा, नाहीतर टर्बो असेल तर टर्बो. (बॉक्सर इंजिनवाल्यांनी सकाळच्या धुराला लगेच घाबरू नये, सिलिंडर आडवे असतात, थोडं ऑइल झिरपतंच.)

---

माझी माझदा आरएक्स-८. रोटरी इंजिन, त्यात रोटरच्या टोकांच्या सीलांना वंगण म्हणून पंप मुद्दामच ऑइल आत सोडतो. ती ऑइल प्यायची थांबली तर मी घाबरेन. डिकीत डबा कायम.

---

माझं उलटं झालं. रोज पाच-सात किमीच चालवायचो, डिपस्टिकवरची (ऑइल मोजायची पट्टी) पातळी हलायचीच नाही, मी खूश. मग एका दिवसात ६०० किमी हायवे मारला आणि पाऊण लिटर गायब! गेलं होतं ते आधीच, पण इंजिन धड गरम न झाल्याने पेट्रोल ऑइलमध्ये उतरत होतं आणि पातळी भरलेली दाखवत होतं. लांब पल्ल्यात पेट्रोल उडून गेलं आणि खरा हिशोब दिसला. डिपस्टिक हुंगून बघा, पेट्रोलचा वास येतो.

---

आधी मोजायची पद्धत तपासा राव. ड्राय संप इंजिनात (ऑइल खालच्या तबकात न राहता वेगळ्या टाकीत असतं ते) बऱ्याचदा ऑइल गरम आणि इंजिन चालू ठेवून सपाट जागी मोजतात. मी बंद गाडीत मोजून लिटरभर जास्त ओतलं, ते सगळं इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाईपात गेलं आणि शेवटी धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर बसला.

---

धागाकर्ता परत. इंजिन खोललं नाही. आयडलला चालू असताना ऑइल फिलरचं झाकण काढायला गेलो तर ओढ इतकी की दोन्ही हात लागले, वर शिट्टीसारखा आवाज. पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातला वायू इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) रबरी पडदा फाटलेला निघाला, म्हणजे इनटेकच क्रँककेसमधून, इंजिनच्या त्या पोटातून, ऑइल ओढत होतं. इनटेकचा पाईप काढला तर आत बोट बुडेल एवढं साचलेलं. पडदा बदलला, पाईप पुसून घेतला. ९०० किमी झालेत, पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली. १२०० ला परत लिहितो.