ड्राफ्टमध्ये नाव नाही, तरी एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत मैदानात: जेम्स हॅरिसनचा हिशेब कसा लावायचा?

रविवारचा_जागर

अमेरिकन फुटबॉलच्या एन.एफ.एल. लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा बाह्य लाइनबॅकर (बचावाच्या कडेला उभा राहणारा खेळाडू) जेम्स हॅरिसन याची कारकीर्द कागदावर मांडून बघतोय आणि काही ठिकाणी गाडी अडते आहे. केंट स्टेटमधून बाहेर पडला तेव्हा २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू सात फेऱ्यांत निवडतात त्या निवडीत, त्याला कुणीही घेतलं नाही. स्टीलर्सनी करार दिला आणि पुढच्या दोन वर्षांत तीनदा काढलं. मग बाल्टिमोर रेवन्सनी घेतलं, जर्मनीत ऱ्हाइन फायरकडून खेळायला पाठवलं आणि परत आल्यावर सोडून दिलं. हाच माणूस २००८ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरतो, आणि शेवटचा सामना खेळतो तो २०१८ च्या फेब्रुवारीत, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात!

माझे प्रश्न असे:

१. ज्या संघाने काढलं त्याच संघात खेळाडू पुन्हा पुन्हा परत येतो, हे नियमात कसं बसतं?
२. २००४ ते २००६ तो राखीवच होता. तीन वर्षं संघाने त्याच्यावर जागा का खर्च केली?
३. सातव्या फेरीत निवड होणं बरं, की अजिबात न होणं? या बाबतीत दोन्ही मतं वाचली आहेत.

नुसतं "जिद्द" हे उत्तर नको. जिद्द काढून टाकलेल्या बाकीच्या शेकडो पोरांकडेही असतेच.

तिसरा_डाऊन

पहिला आणि तिसरा प्रश्न कागदपत्रांचा आहे, ते आधी घेतो.

उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि मोसमाआधी ते ५३ वर आणावे लागतात. म्हणजे एका संघातून ३७, आणि ३२ संघांतून एका झटक्यात जवळपास १,२०० जण बाहेर. ज्याची चार हिशेबी वर्षं भरलेली नाहीत, त्याला काढलं की तो थेट मोकळा होत नाही, त्याचं नाव वेव्हर यादीत जातं. एरवी २४ तासांची मुदत असते. तेवढ्यात बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्याच्यावर हक्क सांगू शकतो, आणि दोघांनी सांगितला तर ज्याची कामगिरी जास्त वाईट त्याला प्राधान्य. हक्क सांगणाऱ्याला त्याचा करार आहे तसा उचलावा लागतो. कुणीच पुढे आलं नाही की खेळाडू मोकळा, आणि मग तोच जुना संघ त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव तुकडीत, घेऊ शकतो. हॅरिसनचं येणं-जाणं याच फटीतून झालं. हल्ली प्रॅक्टिस स्क्वॉड १६ जणांचं असतं. त्याच्या वेळी ते याच्या निम्म्याहूनही लहान होतं, त्यामुळे तिथे टिकणंही अवघड होतं.

'हिशेबी वर्ष' म्हणजे पूर्ण पगारी यादीत किमान ६ सामन्यांइतका काळ. प्रॅक्टिस स्क्वॉडवरचे आठवडे त्यात धरत नाहीत. बाहेरून बघणारे इथेच फसतात: पोरगा दोन वर्षं संघासोबत घाम गाळत असतो आणि कागदावर त्याची पाटी कोरी असते. हॅरिसनने २००२ मध्ये जेमतेम एक सामना खेळला. त्याचं खरं घड्याळ २००४ मध्येच सुरू झालं.

आता तिसरा प्रश्न. आजच्या नियमांनुसार ड्राफ्टमध्ये निवडलेल्याचा करार चार वर्षांचा असतो आणि तीन मोसम होईपर्यंत त्यात बदल करता येत नाही. न निवडलेल्याचा करार तीन वर्षांचा, आणि दोन मोसमांनंतर नव्याने बोलणी करता येतात. शिवाय सातवी फेरी संपली की एजंटचे फोन खणखणायला लागतात, आणि कोणत्या संघाकडे आपल्या जागेवर माणसं कमी आहेत हे पाहून निवड करता येते. सातव्या फेरीत नाव आलं तर ज्याने घेतलं त्याच्याकडे जावंच लागतं, मग तिथे तुमच्या जागेवर पाच जण रांगेत असले तरी.

तोटा एकच, पण मोठा. ज्याला बोनस दिलाय त्याला काढलं तर बोनसचा उरलेला हिस्सा संघाच्या सॅलरी कॅपवर, म्हणजे पगारांच्या एकूण मर्यादेवर, बसतो. न निवडलेल्याचा बोनस इतका किरकोळ असतो की त्याला काढायला संघाला काही लागत नाही. दोघे उन्नीस-बीस असतील तर जातो तो हाच. बरोबरीचं असून भागत नाही, डोळ्यात भरेल इतकं सरस असावं लागतं.

गनिमीकावा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पेशल टीम्स, म्हणजे चेंडू लाथाडला जातो तेव्हा मैदानात उतरणाऱ्या तुकड्या. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी सगळे गणवेश घालत नाहीत. आज ४८ पर्यंत मुभा आहे, तेव्हा ४५-४६ असायची. त्यामुळे चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या लाइनबॅकरला गणवेश मिळतो तो किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), किकऑफ परतावा, पंट (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणं) आणि पंट परतावा या चारपैकी तीन तुकड्यांत तो काम करत असेल तरच. धावत जाऊन परतावा घेणाऱ्याला आडवं करणं आणि पंटच्या वेळी आपल्या किकरसमोर भिंत धरणं ही कामं ११० किलो वजनाचा आणि जोरात पळणारा माणूस उत्तम करतो. हॅरिसन त्यात बसत होता.

बाकी क्रम असा. २००४ च्या शिबिराच्या तोंडावर क्लार्क हॅगन्सचा हात वजनं उचलताना मोडला, म्हणून स्टीलर्सनी हॅरिसनला परत बोलावलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला क्लीव्हलंडमध्ये सामना सुरू होण्याआधीच स्टीलर्सचा जोई पोर्टर आणि ब्राउन्सचा विल्यम ग्रीन यांची मारामारी झाली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं आणि हॅरिसनला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं. पोर्टरला २००७ मध्ये सोडल्यावर ती जागा कायमची त्याची झाली, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरच्या रात्री, ज्या रेवन्सनी त्याला सोडलं होतं त्यांच्याचविरुद्ध, त्याने एका सामन्यात साडेतीन सॅक केले (सॅक म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सुटण्याआधीच आडवं करणं), ३ फंबल पाडले (हातातला चेंडू सुटायला लावला) आणि प्रतिस्पर्ध्याचा एक पास पकडला. २००८ मध्ये १६ सॅक आणि पाडलेले ७ फंबल. असोसिएटेड प्रेसचा सर्वोत्तम बचावपटूचा मान ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला मिळाल्याची ती पहिलीच वेळ.

आता मुद्द्याचं. त्याला का निवडलं नव्हतं? उंची ६ फूट, म्हणजे १८३ सेंमी. ४-३ रचनेत (पुढच्या फळीत चार, मागे तीन लाइनबॅकर) कडेला एंड म्हणून उभं करायला बुटका, आणि मागे पास अडवणारा लाइनबॅकर म्हणून जड. स्टीलर्स ३-४ खेळत, आणि त्या रचनेतला बाह्य लाइनबॅकर बरोबर या दोन्हींच्या मधला असतो.

शिवाय समोरचा डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणारा, साधारण साडेसहा फुटी. दोघे भिडले की ज्याचे खांदे खाली त्याचा जोर चालतो. हॅरिसन उजव्या कडेने येई. पहिल्या दोन-तीन पावलांत टॅकलच्या बाहेरच्या खांद्याशी पोचायचं, डावा हात त्याच्या काखेखालून वर उपसायचा, कंबर वाकवून खांदा जमिनीकडे झुकवायचा आणि त्याच झुकावात क्वार्टरबॅककडे वळायचं. उंच टॅकलला एवढं खाली वाकता येत नाही, मग त्याचा हात हॅरिसनच्या गळ्यात पडतो. जुनी चित्रफीत थांबवून पाहा: शिरस्त्राण वाकडं झालंय, गळ्याभोवती प्रतिस्पर्ध्याचा दंड आहे, आणि पाय तरीही पुढे चाललेत.

यात चूक कुठे होते? वळण उशिरा घेतलं की धावणारा क्वार्टरबॅकच्या पाठीमागून पुढे निघून जातो, आणि क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून निवांत पास फेकतो. नुसत्या वेगावर जगणाऱ्या नव्या पोरांचं नेमकं हेच होतं. हॅरिसनकडे दुसरं हत्यार होतं. टॅकल बाहेरच्या बाजूला झुकतोय असं दिसलं की तो सरळ त्याच्या छातीत शिरून त्याला मागे रेटत न्यायचा. या रेट्याची धास्ती असली की टॅकल बाहेर मोकळेपणी सरकत नाही, आणि मग वळणाची वाट आपोआप रुंद होते.

उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ याच कडेला असते. न दिसणाऱ्या बाजूने येऊन तो चेंडूच्या हातावरच घाव घालायचा, म्हणून पाडलेले फंबल एवढे.

निळी_शाई

वरचं सगळं मान्य, पण अर्धी गोष्ट राहिली. नुसता धावून येणारा म्हणून तो इतका टिकला नसता. बचावाचे सूत्रधार डिक लबो २००४ मध्येच पिट्सबर्गला परतले, आणि त्यांच्या झोन ब्लिट्झमध्ये येणारा वाटतो तो मागे सरकतो आणि मागचा वाटतो तो येतो. त्यासाठी बाह्य लाइनबॅकरला आख्खी योजना पाठ असावी लागते. सुरुवातीला हॅरिसनची गाडी इथेच अडली होती. अंगात ताकद होती, पण प्लेबुक पक्कं नव्हतं.

ते पक्कं झाल्याचा पुरावा १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, सुपर बोल ४३. पहिला अर्ध संपायला १८ सेकंद, स्टीलर्स १०-७ ने पुढे, आणि प्रतिस्पर्धी ॲरिझोना गोलरेषेच्या तोंडाशी. योजना होती धावून जायची. हॅरिसनने पहिलं पाऊल तसं टाकलं, पण त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर चेंडू झटकन आतल्या बाजूला फेकणार हे ओळखून तो मागे सरकला आणि अँक्वान बोल्डिनसाठीच्या पासच्या वाटेत उभा राहिला. चेंडू थेट हातात. तिथून १०० यार्ड पळत, वाटेत अडवणाऱ्यांना चुकवत, शेवटी लॅरी फिट्झजेराल्ड आणि स्टीव्ह ब्रेस्टन यांनी धरलेलं असताना तो रेषेपलीकडे कोसळला. १०-७ च्या जागी १७-७. सामना अखेर २७-२३ ने जिंकला, म्हणजे फरक ४ गुणांचा. त्या एका निर्णयाची किंमत यावरून काढा. वॉर्नरही ड्राफ्टमध्ये न निवडलेलाच होता, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

त्याच सामन्यात चौथ्या सत्रात पंटच्या वेळी आडदांडपणाबद्दल हॅरिसनला दंड झाला होता. त्या दंडाची चर्चा खूप होते, पण मला त्यात वेगळंच दिसतं: त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू सुपर बोलमध्येही पंटच्या तुकडीत उभा होता. ज्या कामाने त्याला यादीत जागा दिली ते काम त्याने सोडलं नव्हतं.

रविवारचा_जागर

फार छान, कोडं बरंचसं सुटलं. एक राहिलं. २०१३ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे फक्त २ सॅक, आणि २०१४ च्या सप्टेंबरात निवृत्ती जाहीर. माणूस संपला असंच वाटतं. मग पस्तिशीनंतर पुन्हा सॅक कुठून आले?

तिसरा_डाऊन

संपला नव्हता, चुकीच्या खणात ठेवला होता. बेंगल्स ४-३ खेळत. तिथे त्याच्या वाट्याला आलेल्या लाइनबॅकरच्या जागेत धावून जाण्याची संधीच कमी, आणि पासची परिस्थिती आली की तो बाहेर.

निवृत्तीनंतर काही आठवड्यांतच जार्विस जोन्सचं मनगट दुखावलं आणि स्टीलर्सनी हॅरिसनला परत आणलं. २०१४ मध्ये साडेपाच, २०१५ मध्ये ५, २०१६ मध्ये ५ सॅक. वय ३६ ते ३८. यातली मेख म्हणजे मोजकी खेळी: तरुण लाइनबॅकरसोबत आलटून-पालटून, बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी पास फेकणार हे दिसत असताना. २०१६ मध्ये त्याने जेसन गिल्डनचा ७७ सॅकचा संघविक्रम मागे टाकला आणि पुढच्या वर्षी तो ८०.५ वर नेला. टी. जे. वॅटने तो २०२३ मध्ये ओलांडला. हॅरिसनची कारकिर्दीची एकूण बेरीज ८४.५, त्यातले शेवटचे २ न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून.

शरीराची किंमतही मांडायला हवी. पाठीच्या शस्त्रक्रिया, २०११ मध्ये डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडणं, २०१२ मध्ये गुडघा. आणि डोक्यावरच्या धडकांबद्दलचे नियम कडक झाले तेव्हा २०१० मध्ये एका धडकेसाठी ७५,००० डॉलर दंड, २०११ मध्ये कोल्ट मॅकॉयवरच्या धडकेसाठी एका सामन्याची बंदी. समोरच्याच्या मेंदूचा प्रश्न होता, तेव्हा ते नियम योग्यच होते असं माझं स्पष्ट मत आहे. खेळ बदलला आणि त्याला धडकेची उंची खाली आणावी लागली.

सह्यकडा

न निवडलेल्यांच्या दीर्घ कारकिर्दी हॅरिसनवरून मोजू नका, त्याचा रस्ता फार खडतर आणि आडवळणाचा होता. लंडन फ्लेचर बघा. जॉन कॅरोलसारखं तिसऱ्या विभागातलं कॉलेज, उंची १७८ सेंमी, १९९८ मध्ये रॅम्सनी घेतला. मग बिल्स, मग वॉशिंग्टन. २०१३ पर्यंत १६ मोसम, २५६ सामने, म्हणजे एकही सामना चुकला नाही. त्यातले सलग २१५ सुरुवातीपासून. तो आतला लाइनबॅकर, बचावाची हाक देणारा. तिथे चेंडू सुटण्याआधी समोरची रचना ओळखून बाकी दहा जणांना सरकवणं हेच मुख्य काम, आणि ते वयाबरोबर सुधारतं. कडेने धावणाऱ्याचं तसं नसतं, त्याचा पहिल्या पावलाचा झटका गेला की झालं.

कॅमेरॉन वेकचा तिसराच मार्ग. २००५ मध्ये न निवडलेला, जायंट्सनी काढलेला. कॅनडात बी. सी. लायन्सकडून दोन मोसमांत ३९ सॅक, २००९ मध्ये २७ व्या वर्षी मायामी डॉल्फिन्सकडे, आणि एन.एफ.एल.मध्ये एकूण १००.५ सॅक. ज्याचं वजन आणि तंत्र अजून तयार व्हायचंय त्याच्यासाठी बाकावर बसण्यापेक्षा बाहेर जाऊन रोज खेळणं केव्हाही फायद्याचं.

गनिमीकावा

जाता जाता, ऑगस्टच्या सराव सामन्यांत असा खेळाडू हेरायचा असेल तर शेवटच्या सत्रातल्या सॅकवर जाऊ नका. तेव्हा समोर दोन आठवड्यांत घरी जाणारे टॅकल असतात. पहिल्या सत्रात किकऑफच्या आणि पंटच्या तुकडीत कोण आहे ते पाहा, कारण तिथे प्रशिक्षक खऱ्या मोसमातली माणसं लावून बघतात. न निवडलेला लाइनबॅकर सलग दोन सामन्यांत तिथे दिसला, तर त्याचा क्रमांक टिपून ठेवा.