मदत हवी आहे: बाइक थांबताना गिअर उतरत नाही, न्यूट्रलही सापडत नाही

लांबचा_रस्ता
१५० सीसी, कार्ब्युरेटरवाली बाइक. पाच गिअर, पहिला खाली, बाकीचे वर. २१,००० किमी झालेत. चालत्या गाडीत गिअर व्यवस्थित पडतात, अडचण फक्त थांबताना येते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० च्या वेगात असताना क्लच दाबून ब्रेक लावतो, गाडी पूर्ण उभी राहते आणि मग गिअर उतरवायला गेलं की तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात अडकतो. लिव्हर अर्धा दबतो, पुढे काही लागल्यासारखा थांबतो, पाय काढला की वर येतो. इंजिन तापल्यावर न्यूट्रलही लागत नाही. पहिल्यातून उचललं की थेट दुसरा. इंजिन बंद केलं की न्यूट्रल लगेच लागतो. ऑइल बदलून २,००० किमी झाले. इंजिन उघडावं लागेल असं सांगण्यात आलंय. त्याआधी काय काय तपासून बघू?

डॉगबॉक्स
इंजिन उघडायची घाई करू नका. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकत्र लिहिल्या आहेत.

पहिली, उभ्या गाडीत गिअर अडकणं. बाइकच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर टाकताना एक गिअर बाजूला सरकतो आणि त्याच्या कडेचे जाड ठोकळे, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात. गाडी चालू असताना दोन्ही गिअर वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे खाच क्षणात समोर येते. गाडी उभी आणि क्लच दाबलेला असला की गिअर बसवलेले दोन्ही शाफ्ट, म्हणजे दांडे, थांबतात. ठोकळ्यासमोर खाच आली तर गिअर पडतो, ठोकळ्यासमोर ठोकळाच आला तर लिव्हर अर्ध्यावर अडतो. तुम्हाला पायाला लागतं ते हेच. चांगल्या, नव्या गाडीतही हे होतं.

म्हणून गिअर चाक फिरत असतानाच उतरवा. तुमच्यासारख्या गाडीत ढोबळमानाने ४० च्या आसपास तिसरा, २५ ला दुसरा आणि १० च्या खाली आल्यावर पहिला. दर वेळी लिव्हर पूर्ण वर येऊ द्या, मगच पुन्हा दाबा. अर्धवट वर आलेल्या लिव्हरवर पुन्हा पाय मारला तर आतलं पंजासारखं अंग पुढच्या पिनेवर बसतच नाही आणि दाब फुकट जातो.

तरीही वरच्या गिअरमध्ये उभे राहिलात तर पुढचा ब्रेक धरा, पायाने लिव्हरवर हलका दाब ठेवा आणि क्लच अगदी थोडा सोडा, जेमतेम पकड लागेपर्यंत. शाफ्ट किंचित फिरतो आणि गिअर आपोआप पडतो. लगेच क्लच पूर्ण दाबा आणि पुढचा गिअर तसाच उतरवा. टाचेने ठोकू नका. शिफ्ट फोर्क, म्हणजे गिअर बाजूला सरकवणारा काटा, वाकला तर मात्र इंजिन खरंच उघडावं लागेल.

पाना_दहाबारा
वरचं सगळं बरोबर. दुसरी तक्रार, म्हणजे इंजिन चालू असताना न्यूट्रल न लागणं आणि बंद केल्यावर लगेच लागणं, हा क्लच पूर्ण न सुटण्याचा दोष वाटतोय. क्लच दाबूनही त्याच्या आतल्या प्लेटा थोड्या घासत राहिल्या की इंजिन शाफ्टला ढकलत राहतं. डॉगच्या कडा किंचित आत तिरक्या असतात, त्यामुळे जोर असेपर्यंत ते एकमेकांना धरून ठेवतात. इंजिन बंद केलं की जोर जातो आणि ते सुटतात.

या तीन गोष्टी बघून लिहा. इंजिन तापलेलं असताना सपाट जागी पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, ब्रेक सोडलेला: गाडी पुढे सरकायला बघते का? क्लच लिव्हरच्या टोकाला मोकळा प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची ढिली हालचाल, किती मिमी आहे? आणि आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन फिरण्याची गती, किती आरपीएमवर आहे?

त्याशिवाय इंजिन बंद ठेवून, क्लच न दाबता, गाडी हाताने पुढे-मागे हलवत पाचही गिअर टाकून बघा. तसे पडले तर फोर्क आणि त्यांना हलवणाऱ्या ड्रमबद्दलची काळजी बरीच कमी.

लांबचा_रस्ता
बघितलं. गाडी हळूच पुढे ओढते. प्ले ३० मिमी. आयडलिंग १,९००. इंजिन बंद ठेवून हलवत सगळे गिअर पडले.

पाना_दहाबारा
मग उत्तर तुमच्या हातातच आहे. अशा गाड्यांना प्ले सहसा १० ते २० मिमी आणि आयडलिंग १,४०० च्या आसपास सांगितलेलं असतं. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा. ३० मिमी प्ले म्हणजे लिव्हर मुठीला टेकला तरी प्लेटा पुरत्या वेगळ्या होत नाहीत.

लिव्हरजवळचं रबर मागे सरकवा, लॉकनट सैल करा, अ‍ॅडजस्टर बाहेरच्या बाजूला फिरवा. प्ले १५ मिमीवर आला की लॉकनट घट्ट. अ‍ॅडजस्टरचे आटे जास्त बाहेर दिसू लागले तर तो पूर्ण आत घ्या आणि केबलच्या इंजिनकडच्या टोकाला दोन नटांनी समायोजन करा. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. प्ले बदलत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय. प्ले शून्य मात्र करू नका, क्लच घसरून प्लेटा जळतात.

केबलचं लिव्हरकडचं टोक बाहेर काढून नीट बघा. टोकाच्या धातूच्या गोळीजवळ एक-दोन तारा तुटलेल्या दिसल्या तर समायोजनात वेळ घालवू नका, केबलच बदला.

आयडलिंग इंजिन तापल्यावरच लावा. १,९०० वर क्लच ठीक असला तरी पहिला गिअर ‘खट्ट’ करूनच पडणार.

डॉगबॉक्स
ऑइलही बघा. बाटलीवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं, ग्रेड मॅन्युअलमधली. एमबी स्कूटरसाठी असतं, ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या, क्लचच्या बाइकमध्ये घालू नये. हेच ऑइल गिअरचे दातही वंगवतं आणि त्या दातांत चिरडून पातळ होत जातं, म्हणून बदलायची वेळ जवळ आली की गिअर खरखरीत लागतात. पातळी खुणेच्या वर गेलेली नको.

लांबचा_रस्ता
प्ले १५, आयडलिंग १,४०० केलं. एक तार तुटलेली होती, केबल नवी टाकली. आता क्लच दाबल्यावर गाडी ओढत नाही, चालताना गिअर उतरवले तर अडकत नाहीत. तापल्यावर न्यूट्रल दहातून दोनदा चुकतो.

पाना_दहाबारा
न्यूट्रल गाडी थांबायच्या शेवटच्या हातभर अंतरात लावा, दुसऱ्यातून अर्धा दाब देऊन. पहिल्यातून उचलण्यापेक्षा ते सोपं जातं. महिन्याभराने पुन्हा प्ले मोजा, नवी केबल सुरुवातीला थोडी सैलावते.

प्ले बरोबर असूनही ओढणं परत आलं तर क्लचचं कव्हर काढून स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवा आणि फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्ट्यांनी, वाक मोजा. मर्यादा साधारण ०.२ ते ०.३ मिमी असते. क्लच बास्केटच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याच्या, बोटांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा नखाला लागतात का तेही बघा, कारण प्लेटा त्यांतच अडकून सुटत नाहीत. हे सगळं कव्हरच्या मागेच असतं, इंजिनाचे दोन भाग करावे लागत नाहीत. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवायच्या असतील तर आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवा.