परदेशात इंटर्नशिप करताना स्वतःला कसं जपलंत? अनुभव सांगा

माहीम, लेक निघाली आहे

माझी लेक ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जर्मनीत स्टुटगार्टला जाते आहे. इथे ती रात्री साडेअकराला माहीमला उतरते तेव्हा मी निर्धास्त असते. स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले असतात, भुर्जीपावची गाडी असते, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला ती कुणाची मुलगी हे ठाऊक आहे. आपल्या मुलांना मुंबईत सांभाळते ती ही माणसं. तिकडे त्यांच्या जागी कोण? कॉलेजने सूचनांची पानं दिली आहेत, पण 'सावध राहा' म्हणजे नेमकं काय करायचं हे मला त्यातून उमगलं नाही. जे राहून आलेत त्यांनी प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. चुकलं असेल तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

विलेपार्ले, जर्मनीत सात महिने

काकू, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. पोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी दूध आणायला बाहेर पडले तर सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भर दुपारी भीती वाटली. मुंबईत सामसूम म्हणजे काहीतरी बिनसलेलं, हे अंगात इतकं मुरलेलं असतं. तिथे सामसूम हाच रोजचा रस्ता, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला.

पण माझं नुकसान त्याच्या आधी, पार्ल्यात बसूनच झालं होतं. खोलीची जाहिरात, छान फोटो. मालक म्हणाला, मी सध्या लंडनला आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी दोन महिन्यांचं भाडं पाठव. पाठवलं. खोली नव्हतीच. बाबांना सांगायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत बँकेला कळवायची वेळ निघून गेली. म्हणून पहिली गोष्ट ही: फसलात तर त्याच तासाला घरी सांगा. आईबाबांनीही आधीच कबूल करावं की कुणी ओरडणार नाही.

खरं घर ओळखायची तिथे एक चांगली खूण आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. 'कागद देणार ना?' हे पहिल्याच बोलण्यात विचारायचं. टाळाटाळ केली तर ते घर सोडून द्यायचं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, हीटिंगचा खर्च त्यात धरत नाहीत. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस हॉस्टेलमध्ये काढावे लागले तरी चालतील.

जानेवारीत सकाळी सातला ऑफिसला निघाले, अजून अंधारच होता. फुटपाथवर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा, दिसलाच नाही. पडले, मनगट मोडलं. इथे पार्ल्यात पाच माणसं धावली असती, कुणी पाणी दिलं असतं, कुणी रिक्षा थांबवली असती. तिथे दहा मिनिटं कुणीच आलं नाही. ॲम्ब्युलन्ससाठी ११२ लावला. समोरची बाई शांतपणे इंग्रजीत बोलत होती, पण मला माझ्याच गल्लीचं नाव उच्चारता येईना. शेवटी एकेक अक्षर सांगितलं. त्या संध्याकाळपासून घरचा आणि ऑफिसचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवला. तिकडे फोनमध्ये सिम नसेल तर ११२ सुद्धा लागत नाही, म्हणून पोचल्या दिवशी आधी सिम. पोलिसांसाठी ११०. रात्री ताप चढला, पण जिवावरचं नाही, अशा वेळी ११६११७ वर डॉक्टर मिळतो. हे नंबर लेकीकडून पाठ करून घ्या.

आणि वरच्या मजल्यावरच्या आजी. मी गेल्या गेल्या त्यांना चिवड्याचा डबा देऊन आले होते, एवढीच ओळख. प्लास्टरच्या हाताने मी तीन आठवडे राहिले ते त्यांच्या आधाराने.

डोंबिवली, गेलोच नाही

माझा अनुभव न जाण्याचा आहे, पण लिहितो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला टेलिग्रामवर 'बँकॉकमध्ये डिजिटल मार्केटिंग इंटर्नशिप' आली. इंटरव्ह्यू पंधरा मिनिटांचा, पगार माझ्या दादाच्या पगारापेक्षा जास्त, तिकीट त्यांचंच. म्हणाले टुरिस्ट म्हणून या, बाकी इथे बघू. मी बॅग घ्यायलाही निघालो होतो. मामाने एकच प्रश्न विचारला, 'काम करायला चाललास तर कामाचा व्हिसा कुठाय?'

परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये नेमक्या याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली मुलांना बोलावतात आणि सीमेपलीकडे म्यानमारला बेकायदा नेतात. तिथे कोंडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदलेला लागतो, त्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. माझ्यावाल्याचं नाव यादीत नव्हतं. माझ्या ओळखीचा एक मुलगा मात्र गेला. त्याच्या आईचा चेहरा मला आठवतो म्हणून हे लिहिलं.

गोरेगाव, जपान

रात्री दोनला फोन अशा आवाजात किंचाळला की आधी तो बंद कसा करायचा तेच सुचेना. भूकंपाचा इशारा होता. मी दाराकडे पळालो, तेच चुकलं. टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, हलणं थांबलं की मग बाहेर. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या सेनपाईंनी, म्हणजे सीनियरने, मला चालत नेऊन जवळची शाळा दाखवली, मोठं काही झालं तर इथे जमायचं. सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात ही जागा पायांनी चालून बघून ठेवावी, नकाशावर नाही.

औषधांचं जरूर बघा. आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ठरावीक प्रमाणाबाहेर असेल तर जपानमध्ये ती नेताच येत नाही. आईने प्रेमाने भरलेली औषधांची पिशवी मी निघण्याआधी डॉक्टरांसमोर उघडून एकेक पान तपासून घेतलं. पोलिसांना ११०, ॲम्ब्युलन्स आणि आगीसाठी ११९.

ठाणे, दुबई

औषधांसारखंच खसखशीचं. अमिरातीत खसखस नेणं बेकायदा आहे, अगदी चिमूटभरसुद्धा. आपले डिंकाचे लाडू, अनारसे, घरचा मसाला, सगळ्यात ती असते आणि आईला त्यात काही गैर आहे असं वाटतही नाही. मला हे शेजारच्या काकांनी आदल्या रात्री सांगितलं. तेव्हा डबा घरीच ठेवला.

मुलुंड, अमेरिका

हे नाव न देता लिहिते आहे. छोटी कंपनी, मी एकटीच इंटर्न. ज्यांच्या हाताखाली होते ते शनिवारी 'प्रोजेक्टबद्दल बोलू' म्हणून घरी जेवायला बोलवू लागले. दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा म्हणाले, तुझा व्हिसा आमच्यामुळे आहे हे विसरू नकोस.

मी सहा आठवडे ते खरं मानलं. खरं नव्हतं. जे-१ व्हिसावर इंटर्नला एक स्पॉन्सर संस्था असते आणि ती बहुतेक वेळा कंपनीपासून वेगळी असते. व्हिसा ज्याच्यावर मिळतो तो डीएस-२०१९ फॉर्म मला त्या संस्थेने दिला होता. डीएस-७००२ या प्रशिक्षणाच्या फॉर्मवर मी काय शिकणार, कुणाच्या देखरेखीखाली, हे सगळं लिहिलेलं होतं आणि त्यावर माझीही सही होती. मी ते कागद नीट वाचलेच नव्हते. ताईने मुलुंडहून व्हिडिओ कॉलवर माझ्याबरोबर ओळ न् ओळ वाचली. स्पॉन्सरला फोन केला. मेसेज, तारखा, सगळं मी लिहून ठेवलेलं होतं. त्यांनी मला दुसऱ्या ठिकाणी हलवलं.

मुलींनो, कागद निघण्याआधी वाचा. आणि पहिल्यांदा खटकलं त्याच रात्री तारीख घालून लिहून ठेवा, कुणाला दाखवायचं नसलं तरी.

विरार, पॅरिस

वीस वर्षं विरार लोकल केलेल्या घरातला मी, खिसा सांभाळता येतो असं वाटायचं. पण तिथे धक्काबुक्की नसतेच. एक मुलगी सहीसाठी कागद पुढे धरते, तेवढ्यात दुसरीचा हात बॅगेत. पासपोर्ट गेला. पोलिसांत तक्रार, मग दूतावास. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर फक्त भारतात येता येतं, इंटर्नशिप पुढे चालू ठेवता येत नाही. मला नवा पासपोर्ट काढावा लागला आणि मधले आठवडे जीव टांगणीला लागला. रोजच्या फिरण्यात मूळ पासपोर्ट खोलीत कुलपात, सोबत प्रत.

गोरेगाव, जपान

विरारकर, जपानमध्ये उलटं आहे. रेसिडन्स कार्ड मूळच कायम जवळ लागतं, पोलीस विचारू शकतात. जिथे जाल तिथला नियम आधी बघा.

माहीम, लेक निघाली आहे

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पार्लेकर मुली, तुझं वाचून आज लेकीला समोर बसवलं आणि सांगितलं की काहीही झालं तरी आधी फोन, ओरडणार नाही. ती रडली, म्हणजे तिच्या मनात ती भीती होतीच. एक शब्द ठरवला आहे: ती फोनवर 'आजीला विचारून सांगते' म्हणाली की मी समजायचं, तिला मोकळेपणी बोलता येत नाही. आजी जाऊन तीन वर्षं झाली.

तिकडचा वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. माझ्या झोपायच्या वेळी तिची संध्याकाळ असेल, तेव्हा फोनचा आवाज आता रात्रीही चालू राहील. शेजाऱ्यांसाठी चिवड्याचा एक वेगळा डबा भरणार आहे. विमान दुबईवरून आहे. डिंकाचे लाडू वळून झाले होते, ते शेजारी वाटले. उद्या खसखस न घालता पुन्हा करते.